दुभत्या म्हशीला सिलीमारिन कसे द्यावे

पावसाळ्यात गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत ओल धरलेल्या पेंडीला बुरशी लागते आणि तिच्यातील अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष म्हशीच्या यकृतावर घाला घालते. अशा वेळी सिलीमारिन सुचवले जाते. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतून मिळणारे हे फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्य यकृताच्या पेशींच्या आवरणाला आधार देते. मात्र आधी बुरशीची पेंड फेकून द्यावी. ती तशीच चालू ठेवली, तर विषाचा अंश अफलाटॉक्सिन एम१ या रूपाने दुधात उतरत राहतो, आणि दुधात त्याची मर्यादा किलोला केवळ ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. क्वेर्सेटिन या कांद्यातील फ्लॅव्होनॉइडसाठी कांद्याची सालपटे घालण्याचा सल्ला ऐकू नये, कारण जास्त कांद्याने गुरांच्या रक्तातील लाल पेशी फुटतात.

म्हैस खात असेल तर पावडर मूठभर ओलसर आंबोणात कालवून आधी तेवढीच खाऊ घालावी. सिलीमारिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे बादलीत टाकलेली पावडर तळाशीच राहते. फॉस्फोलिपिड या स्निग्ध द्रव्याशी बांधलेले सिलीमारिन अधिक चांगले शोषले जाते.

खरी कसोटी पातळ औषध पाजताना लागते, आणि वर्षानुवर्षे चालत आलेली चुकीची पद्धत जनावराच्या जिवावर बेतते. वेसण ओढून तोंड आढ्याकडे करायचे, जीभ बाहेर खेचायची आणि बाटली रिकामी करायची, असे केले की औषध पोटाऐवजी फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. जीभ मोकळी नसेल तर म्हशीला गिळताच येत नाही, एवढे तरी पाजणाऱ्याने जाणावे. काचेची बाटली मुळीच वापरू नये. बाटली आधी जोरात हलवावी, डोके नाकपुड्या डोळ्यांच्या रेषेत येतील इतपतच उचलावे, बाटलीची मान ओठांच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत सरकवावी आणि एक घोट ओतून थांबावे. गळ्याखाली गिळण्याची हालचाल दिसली, की पुढचा घोट द्यावा. ठसका लागताच डोके लगेच खाली सोडावे, मग औषध सांडले तरी चालेल. आडवी पडलेली, शुद्ध हरपलेली किंवा गिळू न शकणारी म्हैस असेल, तर तिला तोंडावाटे काहीही पाजू नये.

बोलस, म्हणजे मोठी गोळी, द्यायचा असेल तर तो जिभेच्या मुळापाशी ठेवून तोंड मिटून धरावे.

पाजल्यानंतरच्या दिवसांत खोकला, नाकातून स्राव किंवा ताप आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे आणि तोवर पाजणे थांबवावे.