धूमकेतूंच्या टिपणांची फेरमांडणी
धूमकेतूंविषयीची माझी टिपणे वह्यांत, मोबाइलमधील छायाचित्रांत आणि सुट्या कागदांवर विखुरलेली होती. हॅलेच्या धूमकेतूच्या १९१० सालच्या दर्शनाविषयी एक सुरेख वाक्य सापडले. परंतु ते पुस्तकातले की माझेच, हे काही केल्या आठवेना. मग प्रत्येक संदर्भ झोटेरो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नोंदवला आणि एका कार्डावर एकच मुद्दा, कोपऱ्यात संदर्भाचे नाव व पृष्ठक्रमांक, उताऱ्याला अवतरणचिन्हे आणि स्वतःचे मत फक्त पेन्सिलीने, असा दंडक घातला. (समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांच्या संग्रहात सुमारे ९०,००० कार्डे होती, माझी जेमतेम चारशे.) जुनी टिपणे मूळ पुस्तकांशी ताडून पाहिली; ज्यांचा उगम लागलाच नाही, ती त्या सुरेख वाक्यासह वेगळ्या पाकिटात ठेवली.