आईच्या फोनवरच्या जाहिराती आवरताना

गौरी-गणपतीला वाईला गेले, तर आईने आल्या आल्या फोनच हातात दिला. "अगं, ह्यात व्हायरस शिरलाय म्हणे. सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय." वरच्या पट्टीत लाल त्रिकोण, आणि त्याच नोटिफिकेशनवर बारीक अक्षरात क्रोम आणि कुठल्या तरी साइटचं नाव. असं नाव दिसलं की घाबरायचं नाही. तो इशारा फोनचा नाही, साइटने धाडलेली जाहिरात आहे. उकडीच्या मोदकांची कृती वाचताना एका साइटने "अलाऊ?" विचारलं होतं, आणि आईने भिडेखातर हो म्हटलं होतं.

पहिलं काम हेच. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट तिथे रांगेने दिसतात. एकेक उघडून बंद करा, आणि वरचं मुख्य बटणही बंद करा, म्हणजे पुढे कुणी विचारणारच नाही. आईच्या यादीत सतरा निघाल्या.

पानातल्या चौकोनी जाहिरातींच्या मागे मात्र मी आधी लागले नाही. त्यांचा बंदोबस्त डोळेच करतात. मी आईला विचारलं, "आत्ता कशाची जाहिरात गेली?" "कुठली जाहिरात?" अर्धा स्क्रीन साड्या होत्या! वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिराती ऑक्टोबर 1994 मध्ये 'हॉटवायर्ड' नावाच्या साइटवर झळकल्या, आणि 1998 पर्यंत अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन या संशोधकांनी या न दिसण्याला 'बॅनर ब्लाइंडनेस' असं नावही दिलं. गंमत म्हणजे, त्यांच्या प्रयोगात लोकांच्या नजरेतून निसटलं ते जाहिरातीसारखं दिसणारं कामाचंच काही. आईचंही तेच. बिलाच्या साइटवर मुदतीची तारीख रंगीत चौकटीत होती, ती तिने पाहिलीच नाही. म्हणून तिला एक सवय लावली: पैसे भरायच्या पानावर रंगीत चौकटसुद्धा वाचायची.

तरी जाहिरातींमुळे पान फारच सरकत असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड 9 पासून ते आहे. तिथे 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. बऱ्याच जाहिराती दारातच अडतात. एखादं अ‍ॅप अडून बसलं तर तेवढ्यापुरतं पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत. आई कीर्तन लावून फोन ओट्यावर पालथा ठेवते, आणि मला तो उपाय पुरेसा वाटतो.

गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅड्स'खाली जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेली ओळखखूण, पुसता येतो. जाहिराती कमी होत नाहीत, पण त्या आयडीवरून अ‍ॅप्सना आपला माग काढता येत नाही. दोन मिनिटांचं काम, करून टाका.

डोंबिवलीला परतल्यावर चार दिवसांनी आईचा फोन. "व्हायरस गेला गं. पण ते साड्यांचं कुठे गेलं? एक पिस्ता रंगाची होती, बारीक काठाची."