टॉवेल किती घ्यायचे ते झडीवरून ठरवा
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ गेला की गच्चीवर टाकलेला टॉवेल बघता बघता पापडासारखा कडक होतो. तेव्हा माणशी एक टॉवेलही पुरतो. हिशेब मात्र जुलै-ऑगस्टचा धरावा. झड लागली की टॉवेल दोन दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास येतो. म्हणून माणशी तीन: एक अंगाला, एक दोरीवर, एक कपाटात. चौघांच्या घरात बारा, शिवाय पाहुण्यांसाठी दोन. लग्नसराईत पाहुणे जास्त आले तर पंचे काढा. ते पंख्याखालीही लवकर वाळतात.

सेलमधल्या गुबगुबीत टॉवेलांच्या नादी लागू नका. ६०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचा, टॉवेल हाताला छान लागतो, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही. रोजच्या वापराला ४०० च्या आसपासचा बरा; सोलापुरी टॉवेलांत असे हलके सहज मिळतात. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने टॉवेल पाणी कमी शोषतो. कडा विरलेले, पाणी न टिपणारे टॉवेल मोजणीत धरू नका. ते कूलरखाली अंथरायला ठेवा.