एम.ए.च्या वर्गाला विकिपीडियाचं काम देताय? आधी या चुका टाळा

सत्र सुरू झालं की कुठल्या ना कुठल्या विभागात ठरतं, यंदा अंतर्गत मूल्यमापनाला निबंध नको, प्रत्येकाने मराठी विकिपीडियावर एक लेख लिहायचा. कल्पना चांगलीच आहे. निबंध तपासून कपाटात जातो, लेख मात्र लोकांसमोर राहतो. अडचणही तीच, कारण निबंधातली चूक कपाटातच मरते आणि लेखातली दुसऱ्या दिवशी शोधयंत्रात दिसते. आणि दरवर्षी चुका त्याच, पुन्हा नव्याने.

उतरवून काढणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जुनी चूक. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने (विकिपीडिया चालवणारी संस्था) पुण्यातल्या काही महाविद्यालयांत भारतीय शिक्षण प्रकल्प सुरू केला. शेकडो विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर अभ्यासक्रमातल्या विषयांवर लिहू लागले. पाठ्यपुस्तकं आणि संकेतस्थळांवरचा मजकूर परिच्छेदच्या परिच्छेद उचलून चिकटवला गेला. स्वयंसेवकांनी तो काढला, सूचना दिल्या, तर तोच मजकूर पुन्हा चढला. सूचना सदस्याच्या चर्चापानावर (प्रत्येक खात्याला जोडलेल्या निरोपांच्या पानावर) येते हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. मदतीला नेमलेल्यांपैकी बरेच जण स्वतःच नवशिके होते. शेवटी नोव्हेंबर २०११ मध्ये प्रकल्प आवरता घ्यावा लागला, आणि साफसफाईचं काम त्यानंतरही चालूच राहिलं.

यातून धडा घेतला जातो तो ‘कॉपी करू नका’ एवढाच. विद्यार्थी मान डोलावतात आणि शब्द बदलतात. समजा सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या कलेवरच्या पुस्तकात वाक्य आहे: ‘पिंगुळीचे ठाकर कलावंत हाती रंगवलेली चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात.’ विद्यार्थी लिहितो: ‘पिंगुळी येथील ठाकर कलाकार हाताने रंगविलेली चित्रे क्रमाने दाखवून रामायण व महाभारत यांमधील कथा गायनातून सांगतात.’ सात-आठ शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. वर भाषाही बिघडली. याला स्वतःचं लेखन म्हणत नाहीत.

उपाय जुनाच आहे. पुस्तक समोर ठेवून लेख लिहायचा नाही. दोन किंवा तीन पुस्तकं वाचायची, वहीत तुटक टिपणं काढायची (पान क्रमांकासह), पुस्तकं मिटायची आणि फक्त वहीवरून लिहायचं. टंकायला बसण्याआधी शिक्षकाने वही बघावी. हे वेळखाऊ आहे, आणि ज्यांना वेळ द्यायचा नाही त्यांनी हा उपक्रम घेऊ नये.

आणखी एक गैरसमज असा की धूळपाटी, म्हणजे विकिपीडियावरचं सरावाचं पान, खाजगी असते, तिथे आधी चिकटवून मग सावकाश बदलता येतं. धूळपाटी कुणालाही दिसते, तिलाही प्रताधिकाराचे (कॉपीराइटचे) नियम लागतात, आणि नंतर मजकूर पुसला तरी पानाच्या इतिहासात तो राहतोच. मग त्या आवृत्त्या लपवायला प्रचालकाला (पानं काढण्या-लपवण्याचे अधिकार असलेल्या सदस्याला) बोलवावं लागतं. कच्चा, उसना मजकूर वहीत ठेवा.

‘लेखक वारले आहेत, आता पुस्तक मोकळं’ असंही ऐकायला मिळतं. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, आणि ती वर्षं मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाचं पुस्तक १ जानेवारी २०२६ ला मोकळं होतं. तेव्हाही ते विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या मुक्त ग्रंथालयात चढवावं. ज्ञानकोशातल्या लेखात पानंच्या पानं ओतू नयेत.

प्रबंधाचं प्रकरण लेख म्हणून चढवणं

ही खास एम.ए. आणि पीएच.डी.वाल्यांची चूक, पदवीच्या मुलांकडून ती होत नाही. दोन-तीन वर्षं ‘तुमचं स्वतःचं म्हणणं मांडा’ असं शिकवलेलं असतं, त्यामुळे ‘यावरून असे दिसून येते की’ बोटांतून आपोआप उतरतं. ज्ञानकोशात तेच चालत नाही. छापून आलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी काय म्हटलंय तेवढंच इथे मांडायचं. पिंगुळीला जाऊन कलावंताची मुलाखत घेतली असेल तर ती प्रबंधात सोन्यासारखी आहे, पण विकिपीडियासाठी ते मूळ संशोधन आणि ते तिथे बसत नाही. ती मुलाखत आधी एखाद्या नियतकालिकात छापून येऊ दे, मग बघू.

एक साधी चाळणी लावा. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे कोण म्हणतंय? उत्तर ‘मी’ असेल तर वाक्य खोडायचं. ‘अमुक समीक्षक’ असेल तर त्यांचं नाव वाक्यात आणायचं. उत्तर ‘सगळेच म्हणतात’ असेल तर संदर्भ शोधायचा, नसता कुणीतरी ‘संदर्भ हवा’ चा शिक्का मारून जाईलच. ‘थोर’, ‘अष्टपैलू’, ‘साहित्यविश्वात मोलाची भर घातली’ हे तर न विचारता काढावं. शोकसभेची भाषा शोकसभेत शोभते.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे मार्गदर्शकांवर, विभागप्रमुखांवर किंवा महाविद्यालयाच्या संस्थापकांवर लेख. विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नाही आणि सरांनाही बरं वाटतं. असा लेख उल्लेखनीयतेच्या निकषावर (स्वतंत्र स्रोतांनी विषयाची पुरेशी दखल घेतली आहे का) टिकला तरी हितसंबंधाचा प्रश्न उरतोच. आणि दहा संदर्भांपैकी आठ सरांच्याच पुस्तकांचे असले तर तो डोळ्यांत खुपतो. विषयांच्या यादीतून ही नावं शिक्षकानेच वगळावीत.

विषय आभाळाएवढा

‘मराठी साहित्य’ किंवा ‘स्त्रीवाद’ देऊ नका, ‘चित्रकथी’ (वर आलेली पिंगुळीची चित्रं दाखवून कथा गाण्याची कला) द्या. आणि नव्या लेखाचा हट्ट सोडा. दोन-चार ओळींचे अर्धवट लेख मराठी विकिपीडियावर रगड आहेत. त्यातला एक नीट उभा करणं हे जास्त कठीण आणि जास्त शिकवणारं काम आहे.

यंत्राकडून भाषांतर

विकिपीडियाच्या भाषांतर साधनात इंग्रजी परिच्छेद डावीकडे आणि यंत्राने केलेलं मराठी उजवीकडे येतं. यंत्राचा मजकूर फारसा न बदलता ठेवला तर साधन इशारा देतं. विद्यार्थी एक-दोन शब्द इकडेतिकडे करून तो इशारा घालवतात आणि प्रकाशित करतात. मग एखाद्या बॅरिस्टराने ‘केंब्रिजमध्ये कायदा वाचला’ असं वाक्य लेखात बसतं. त्याने तिथे कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. एका बैठकीला एकच परिच्छेद घ्या, मराठी मोठ्याने वाचा, कानाला खटकलं की इंग्रजीकडे न बघता वाक्य पुन्हा लिहा. हाताने भाषांतर करत असाल तर बदलाच्या सारांशात कोणत्या भाषेतल्या कोणत्या लेखावरून केलं ते लिहावं लागतं. साधन ती नोंद आपोआप करतं, तुम्ही विसरता.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला लेख ओळखायला युक्ती लागत नाही. संदर्भातलं पुस्तक ग्रंथालयात मागायचं. कित्येकदा ते छापलेलंच नसतं. वर्गात एक नियम ठेवावा: लेखात संदर्भ दिलेल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो शिक्षकाला दाखवायचा. फोटो नाही तर संदर्भ नाही, आणि संदर्भ नाही तर वाक्यही नाही. हा फोटो दाखवण्यापुरता, विकिपीडियावर चढवायला नव्हे. गूगलवरून उतरवलेली चित्रंही चढवायची नसतात, हे वेगळं सांगावं लागू नये.

पहिल्याच दिवशी अडकणारी गाडी

संगणककक्षात तीस विद्यार्थी बसवून एकदम खाती उघडायला सांगितली की सहाव्या खात्यानंतर गाडी थांबते. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) २४ तासांत सहाच खाती उघडता येतात आणि कक्षातले सगळे संगणक बाहेरून बहुधा एकच पत्ता दाखवतात. खाती आठवडाभर आधी, घरून, आपापल्या इंटरनेटवरून उघडायला सांगा. गटाला मिळून एक खातं चालत नाही. एक माणूस, एक खातं. सदस्यनावात खरं नाव किंवा हजेरी क्रमांक घालायची सक्ती करू नका. कोणाचं खातं कोणतं ही यादी शिक्षकाच्या वहीत असली की पुरे.

उपक्रम सुरू होण्याआधी चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) चार ओळी टाका: कोणता वर्ग, किती विद्यार्थी, कोणत्या तारखेपासून, शंका असल्यास कोणाशी बोलायचं. राबणारे स्वयंसेवक मूठभर आहेत, आणि तीस लेख एका रात्रीत अंगावर आले की त्यांचा मूड काय असेल ते ओळखा. म्हणून मुदतही एकच ठेवू नये. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त शुद्धलेखनाच्या पाच दुरुस्त्या आणि आधीच्या लेखांना दोन संदर्भ. पुढचे चार आठवडे टिपणं आणि धूळपाटी. मग लेख गटागटाने हलवायचे, आठवड्याला पाच-सहा.

टंकलेखनाच्या कटकटी

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर विकिपीडियात चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी उमटते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकेक तपासा, रफार आणि वेलांट्या तिथेच घसरतात.

त्याहून छुपा प्रकार ‘ऱ्या’चा. ‘दुसऱ्या’ दोन पद्धतींनी टंकता येतं: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन निरनिराळे शब्द. दुव्यात एक आणि शीर्षकात दुसरं असेल तर लेख असूनही दुवा लाल, म्हणजे लेख नसल्यासारखा दिसतो. मग विद्यार्थी ‘लेख नाहीच’ म्हणून दुसरा तयार करतो. लाल दुवा दिसला की नवा लेख काढण्याआधी शीर्षकाचा ‘ऱ्या’ नसलेला भाग शोधून पाहा.

बाइट मोजून गुण

‘किमान दहा हजार बाइटची भर’ असा निकष लावणाऱ्यांनी एक हिशेब करावा. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेतं. म्हणजे दहा हजार बाइट जेमतेम पाचशे शब्दांत भरतात, आणि लांबलचक वेबपत्ते चिकटवले तर त्याहूनही कमी शब्दांत. मग मुलं पाणी घालतात. लेख टिकला की नाही यावरही गुण देऊ नयेत, ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं. विद्यार्थ्याला त्याच्या योगदानाच्या यादीतून पाच बदल निवडायला सांगा आणि प्रत्येकाखाली हा बदल का केला ते तीन वाक्यांत लिहून घ्या. कोणी काम केलंय ते तिथे लगेच कळतं.

लेख उडालाच तर

रडारड नको, आणि तोच मजकूर पुन्हा चढवणं तर मुळीच नको. त्याच शीर्षकाचं पान उघडलं की ते कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने काढलं याची नोंद दिसते. कारण प्रताधिकाराचं असेल तर विषय संपला, वहीपासून सुरुवात. उल्लेखनीयतेचं असेल तर दोन-तीन स्वतंत्र छापील स्रोत हाताशी घेऊन त्या प्रचालकाच्या चर्चापानावर लिहा, मजकूर धूळपाटीत परत मागा आणि खाली सही म्हणून चार टिल्डे (~~~~) टाका, त्यांच्या जागी तुमचं सदस्यनाव उमटतं. निनावी तक्रारीला उत्तर द्यायचं कोणाला तेच कळत नाही.