कोर्टाच्या इंग्रजीतली कर्मणी वाक्ये : नव्याने ड्राफ्टिंगला बसणाऱ्यांसाठी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि विदर्भाच्या 11 जिल्ह्यांतली प्रकरणे तिथे येतात. त्यामुळे आसपासच्या वकिलांच्या कार्यालयांत वणी, पुसद, गोंदिया, चिखली अशा गावांतून आलेली, बहुतेक मराठी माध्यमात शिकलेली मुले-मुली ज्युनिअर, स्टेनो किंवा अनुवादक म्हणून रुजू होत असतात. अशाच एका कार्यालयात मी बरीच वर्षे मसुदे तपासण्याचे आणि निकालपत्रांच्या अनुवादाचे काम करते. या मुलांना कायदा येतो, शब्दसंग्रहही सहा-आठ महिन्यांत चांगला वाढतो. पण इंग्रजी फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'ऑव्ह', 'विथ', 'डाउन' असा छोटा शब्द जोडून येणारे क्रियापद, कर्मणी वाक्यात आले की त्याच्या शेवटचा छोटा शब्द गळून पडतो, आणि तो का गळतो हे कोणी नीट सांगितलेले नसल्यामुळे पुढच्या मसुद्यातही तो पुन्हा गळतो.

सर्वांत जास्त वेळा दिसणारे उदाहरण घेऊ. याचिका निकाली काढताना आदेशाच्या शेवटी 'द पिटिशन इज डिस्पोज्ड ऑव्ह' असे लिहिलेले असते. नवी मुले ते 'द पिटिशन इज डिस्पोज्ड' असे उतरवून घेतात, किंवा शेवटचा शब्द एका 'एफ'ऐवजी दोन 'एफ' घालून लिहितात. दोन 'एफ'चा 'ऑफ' हा निराळा शब्द आहे आणि तो 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ' यांसारख्या क्रियापदांत येतो. 'डिस्पोज'ला मात्र एका 'एफ'चाच लागतो. मागे एका नव्याने आलेल्या मुलीने आदेश मोठ्याने वाचता वाचता मध्येच थांबून विचारले होते, "मॅडम, ह्या 'ऑव्ह'च्या पुढे काहीच नाही. वाक्य अपुरं नाही का राहत?" तिची शंका अगदी योग्य जागची होती. 'ऑव्ह' म्हटले की पुढे नाम यायचे, हे शाळेत पक्के झालेले असते. वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असेही अनेकांना शिकवलेले असते. इथे नाम आहेच, फक्त ते वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसले आहे. कर्तरी वाक्य करून पाहिले की ते लगेच दिसते: 'द कोर्ट डिस्पोज्ड ऑव्ह द पिटिशन.' 'पिटिशन' पुढे गेली, 'ऑव्ह' जागचा हलला नाही.

आपल्या भाषेत नेमके याच्या उलट घडते, आणि अडचणीचे मूळ माझ्या मते तिथेच आहे. 'त्यांनी आदेशाचे पालन केले' याचे कर्मणी रूप 'आदेशाचे पालन करण्यात आले' असे होते. 'आदेश' वाक्यात कुठेही गेला तरी 'चे' त्याला चिकटूनच जातो. प्रत्यय असो की शब्दयोगी अव्यय, मराठीत त्याची नाळ नामाशी असते. इंग्रजीतल्या 'दे कम्प्लाइड विथ द ऑर्डर' या वाक्याचे 'द ऑर्डर वॉज कम्प्लाइड विथ' होते, तेव्हा 'ऑर्डर' एकटीच पुढे जाते आणि 'विथ' क्रियापदाजवळ राहतो. नाम गेले म्हणजे त्याचे अव्ययही गेले असणार, अशी मराठी कानाची अपेक्षा असते, म्हणून आपला हात तो शब्द लिहीतच नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते की 'कम्प्लाय विथ', 'डिस्पोज ऑव्ह', 'रिलाय अपॉन', 'रेफर टू', 'लुक इनटू' ही क्रियापदे वहीत जोडीनेच लिहा, जोडीनेच पाठ करा, आणि वाक्याची रचना कशीही बदलली तरी ती जोडी फोडू नका.

'सेट असाइड' किंवा 'स्ट्राइक डाउन' यांसारख्या क्रियापदांतला दुसरा शब्द प्रिपोझिशन नसून क्रियाविशेषण असतो. म्हणून कर्तरी वाक्यात 'इट' मध्ये घालून 'सेट इट असाइड' म्हणावे लागते, पण 'कम्प्लाय इट विथ' म्हणता येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत या फरकाला बरीच पाने दिलेली असतात आणि मुले त्याने घाबरून जातात. कर्मणी वाक्यापुरता मात्र हा फरक बाजूला ठेवता येतो, कारण दोन्ही प्रकारांत छोटा शब्द पास्ट पार्टिसिपलच्या, म्हणजे क्रियापदाच्या 'डिस्पोज्ड'सारख्या तिसऱ्या रूपाच्या, लगेच नंतर उभा राहतो: 'द ऑर्डर इज क्वॅश्ड अँड सेट असाइड', 'द प्रोव्हिजन वॉज स्ट्रक डाउन', 'द ऑर्डर हॅज बीन कम्प्लाइड विथ'. तीन शब्दांच्या क्रियापदांनाही हेच लागू आहे. एखादी अट काढून टाकली असेल तर 'द रिक्वायरमेंट हॅज बीन डन अवे विथ' असे लिहायचे. त्यातला 'अवे'ही राहतो आणि 'विथ'ही राहतो.

कर्ता सांगायचा असेल तर या छोट्या शब्दाला लागूनच 'बाय' येतो आणि तिथे मुले बिचकतात. 'द जजमेंट रिलाइड अपॉन बाय द लर्नेड काउन्सेल' यात 'अपॉन' आणि 'बाय' शेजारी शेजारी आले म्हणून एक खोडून टाकायचा मोह होतो. पण 'अपॉन' क्रियापदाचा आहे आणि 'बाय' कर्त्याचा, दोघांची कामे वेगळी आहेत. श्रुतलेखनात हा भाग फार वेगाने निघून जातो, त्यामुळे स्टेनोने कानावर विसंबून न राहता 'रिलाइड' ऐकताच 'अपॉन' किंवा 'ऑन' येणार हे धरूनच चालावे. याच वाक्यातली आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: इथे 'वॉज' नाहीच, पार्टिसिपल थेट नामामागे आले आहे, आणि तरीही जोडी तशीच आहे. कराराच्या पहिल्या परिच्छेदातले 'हिअरिनाफ्टर रेफर्ड टू अ‍ॅज' हे त्याचे रोजचे रूप. त्यातला 'टू' गळलेले कितीतरी मसुदे टेबलावर येतात. 'द लॉ लेड डाउन बाय द सुप्रीम कोर्ट' यात 'लेड'चे स्पेलिंगही जपावे लागते, कारण 'ले'ला सरळ 'ईडी' जोडून लिहिण्याची चूक सर्रास होते.

काळ बदलताना या जोडीला हात लावावा लागत नाही, बदल होतो तो फक्त 'बी'च्या रूपात. चौकशी चालू असेल तर 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इनटू', पूर्ण झाली असेल तर 'हॅज बीन लुक्ड इनटू', पुढे व्हायची असेल तर 'शॅल बी लुक्ड इनटू'. न्यायालयीन भाषेत नुसता 'बी'ही येतो, उदाहरणार्थ 'रेकॉर्ड बी कॉल्ड फॉर'; तिथे 'शॅल' राहून गेला असे समजून तो घालायला जाऊ नये.

आता ज्यांचे कर्मणी रूप होतच नाही त्यांच्याविषयी, कारण नियम कळल्याच्या उत्साहात मुले तो सगळीकडे लावू लागतात. ज्याला कर्मच नाही त्याचे कर्मणी वाक्य होणार नाही, हे मराठीतही तसेच आहे. तडजोड फिसकटली तर 'द सेटलमेंट फेल थ्रू' एवढेच म्हणायचे. 'वॉज फॉलन थ्रू' असे वाक्य इंग्रजीत नाही. साक्षीदार आलाच नाही तर 'द विटनेस डिड नॉट टर्न अप', पण त्याच 'टर्न'ला 'डाउन' जोडला की ते सकर्मक होते आणि 'द रिक्वेस्ट वॉज टर्न्ड डाउन' हे वाक्य शुद्ध ठरते. म्हणजे नुसते मूळ क्रियापद पाहून निर्णय करता येत नाही, पूर्ण जोडी पाहावी लागते. काही जोड्यांमागे नाम येत असूनही त्या कर्मणी होत नाहीत, आणि त्यांत 'कन्सिस्ट ऑव्ह' व 'बिलाँग टू' या दोन मसुद्यांत वारंवार लागतात. समितीत पाच सदस्य आहेत हे 'द कमिटी कन्सिस्ट्स ऑव्ह फाइव्ह मेंबर्स' असेच लिहायचे, 'इज कन्सिस्टेड ऑव्ह' लिहायचे नाही; कर्मणी वळण हवेच असेल तर 'इज मेड अप ऑव्ह' आहे.

न्यायालये एवढी कर्मणी वाक्ये का वापरतात, असेही मुले विचारतात. आदेश कोणी दिला हे पहिल्या पानावरच स्पष्ट असते, त्यामुळे वाक्यात महत्त्व उरते ते याचिकेचे, आदेशाचे, पुराव्याचे, आणि तेच शब्द पुढे आणले जातात. 'नो केस इज मेड आउट', 'नो इंटरफिअरन्स इज कॉल्ड फॉर' ही वाक्ये कर्तरीत फिरवून पाहा. ती लांबतात आणि जोर भलत्याच शब्दावर जातो.

सरावासाठी वेगळे पुस्तक घेण्याची गरज मला वाटत नाही. उच्च न्यायालयाचे आदेश संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. रोज एक लहान आदेश घ्यावा, त्यातल्या प्रत्येक कर्मणी फ्रेजल व्हर्बखाली रेघ ओढावी आणि ते वाक्य कर्तरीत लिहून छोट्या शब्दापुढे नाम परत येते का ते पाहावे. बातम्यांच्या मथळ्यांचाही उपयोग होतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सुरू केलेला 'हितवाद' आजही नागपुरातून निघतो आणि शहरातल्या बहुतेक वाचनालयांत तो असतो. इंग्रजी मथळ्यांत 'इज', 'वॉज' गाळण्याची रीत आहे, त्यामुळे 'बेल प्ली टर्न्ड डाउन' किंवा 'मीटिंग कॉल्ड ऑफ' अशा धर्तीच्या मथळ्यात गाळलेले क्रियापद आपण भरायचे आणि वाक्य पूर्ण लिहायचे. आपला मसुदा टंकून झाला की तो सरांच्या टेबलावर ठेवण्याआधी एकदा फक्त पार्टिसिपल शोधत वाचावा, आणि 'डिस्पोज्ड', 'कम्प्लाइड', 'रिलाइड', 'रेफर्ड', 'डेल्ट' यांपैकी काही दिसले की त्याच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवून खात्री करून घ्यावी.