एक्सटर्मचा फॉन्ट बदलेना, तेव्हा

जुन्या लॅपटॉपवर हलकं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) हवं म्हणून एक्सटर्म ठेवलं. अक्षरं मात्र मुंगीएवढी! आधी कमांडसोबतच पर्याय दिले: '-एफए'ने फॉन्टचं नाव, '-एफएस'ने आकार. चाललं. पण दर वेळी एवढं कोण टाइप करणार? म्हणून तेच होम फोल्डरमधल्या डॉट-एक्सरिसोर्सेस फाइलमध्ये लिहिलं, एक्सआरडीबी (त्या फाइलमधली सेटिंग्ज लोड करणारी कमांड) 'मर्ज' पर्यायासह चालवलं आणि नवी खिडकी उघडली (आधीच उघड्या असलेल्या खिडक्या बदलत नाहीत). फॉन्ट जुनाच.

एक्सआरडीबीला 'क्वेरी' देऊन पाहिलं, तर ओळ व्यवस्थित लोड झालेली. गोम टिंबात होती. फाइलमधल्या ओळीत 'एक्सटर्म' आणि 'फेसनेम' (फॉन्टच्या नावाचं सेटिंग) यांच्यात टिंब असेल तर फेसनेम थेट एक्सटर्मखाली आहे असं धरलं जातं. प्रत्यक्षात ते व्हीटी१०० नावाच्या विजेटखाली (खिडकीतला अक्षरं दाखवणारा भाग) असतं. टिंबाच्या जागी तारका टाकली की मधल्या पायऱ्या आपोआप धरल्या जातात. तेवढ्यानेच काम झालं.

मागच्या ओळी जपण्याची संख्या मुळात १०२४ असते, ती 'सेव्हलाइन्स'ने १०००० केली. एखाद्याच खिडकीत मोठी अक्षरं हवी असतील तर फाइलला हात लावू नका. कमांडवरचा पर्याय फाइलवर मात करतो. आणि हो, फाइलमधली टिपणं उद्गारचिन्हाने सुरू करा. हॅश टाकलात तर प्रीप्रोसेसर (फाइल लोड होण्याआधी ती वाचणारा प्रोग्रॅम) ती आज्ञा समजून कुरकुरतो.