भर उन्हात इन्व्हर्टर बंद पडतो? आधी व्होल्टेज पाहा

मी घरगुती सोलर बसवतो. पॅनेलची वीज लाइनीसारख्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर दुपारी बंद पडला की लोक पॅनेल पुसायला धावतात. मी आधी त्याच्या स्क्रीनवरचं एसी व्होल्टेज बघतो. लाइनीत वीज पाठवायची तर इन्व्हर्टरला लाइनीपेक्षा किंचित जास्त व्होल्टेज ठेवावं लागतं. आसपासची सगळी छपरं एकदम वीज देऊ लागली आणि घरांतला वापर कमी असला की व्होल्टेज चढतं. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःहून सुटा होतो.

म्हणून काही दिवस सकाळ-दुपारचे आकडे वेळेसकट लिहा. मग इलेक्ट्रिशियनकडून भर दुपारी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हींत बराच फरक? मधली केबल बारीक आहे, नाहीतर जोड सैल आहे. मीटरपाशीच जास्त असेल तर नोंदी घेऊन वीज कंपनीकडे जा. ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी, बदलणं त्यांच्याच हातात असतं.

तोवर पंप, गीझर, वॉशिंग मशीन दुपारीच लावा. खरोखर फरक पडतो.

आणि कळकळीने सांगतो, इन्व्हर्टरच्या संरक्षण सेटिंगला कुणालाही परस्पर हात लावू देऊ नका. लाइन गेल्यावर तो थांबतो, म्हणून खांबावरच्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा शॉक बसत नाही.